प्रॉम्प्टरनं न सांगितलेलं नाव

३ जून, मंगळवार

पहाटे तो आवाज पुन्हा ऐकला. कॅमेऱ्याचा. कर्र-खट, कर्र-खट, तेल न घातलेल्या शिवणयंत्रासारखा. पस्तीस वर्षांपूर्वीचा आवाज, पण असा स्पष्ट की अंथरुणातच मी ओळ सांगायला श्वास भरून घेतला. त्या काळी आमचे सिनेमे मुकेच चित्रित होत. आवाज नंतर स्टुडिओत भरायचा, तोही नाटकातल्या मंडळींनी. त्यामुळे कॅमेऱ्यानं कितीही खडखडाट केला तरी कोणाचं बिघडत नसे. त्या खडखडाटावर आवाज चढवून मी वाक्यं सांगायचो. मी प्रॉम्प्टर. कॅमेऱ्याशेजारी उभं राहून एकेक ओळ मोठ्यानं म्हणायची, नटांनी ती मागून म्हणायची. पाठ करून कोणी येत नसे. तेवढी सवड कोणाला होती.

डोळे उघडले तर शेजारच्या खोलीत बेहिजे आब्ला खरोखरच यंत्रावर पडदे शिवत बसलेली. ऐंशीची झाली तरी माझ्या या थोरल्या बहिणीला पहाटे झोप नाही आणि दुसऱ्याची बघवत नाही.

शाळेतही माझं हेच काम होतं. मास्तर मला फळ्यासमोर उभं करायचे. मी कवितेची ओळ म्हणायची, मागून अख्ख्या वर्गानं. खिडकीबाहेर बॉस्फरसवरून बोटी जायच्या आणि आमची ओळ त्यांच्या धुरात मिसळून पलीकडच्या किनाऱ्याला लागायची असं मला वाटे. पुढे सरकारनं लिपी बदलली, उजवीकडून डावीकडे जाणारी अक्षरं एका हिवाळ्यात नाहीशी झाली. कविता मात्र कानातच होत्या. त्या तशाच राहिल्या.

५ जून, गुरुवार

दुपारी एक बाई आल्या. बेदिया हानम, जुन्या सिनेमांच्या संग्रहालयात काम करतात. चाळिशीच्या असतील. बाह्या दुमडलेल्या, हातांना व्हिनेगरसारखा वास. जुनी फिल्म सडायला लागली की तसा वास येतो म्हणे. रमजान चालू, त्यामुळे आब्लानं चहा विचारला नाही. बाईंनी सरळ मागितला. आब्लाला त्या तिथेच आवडल्या.

बंद पडलेल्या एका थिएटरच्या तळघरात त्यांना डबे सापडलेत. ‘घाटाखालचा दिवा’. आमचा सिनेमा. एक्कावन्न सालचा.

“चित्र आहे, आवाज नाही,” बेदिया हानम म्हणाल्या. “तेव्हा दोन्हीच्या पट्ट्या वेगळ्या असायच्या. आवाजाची गेली.”

“वितळवून कोणी कंगवे केले असतील,” आब्ला म्हणाली.

“पडद्यावर माणसं बोलताना दिसतात. काय बोलतात ते सांगायला कोणी नाही. दिग्दर्शक रेफेत बेय गेले, नट गेले. तुमचं नाव एका जाहिरातीत कोपऱ्यात सापडलं.”

“इद्रिस आहे की,” मी म्हणालो. “तिसरा दरोडेखोर. आमच्या बागेतल्या खोलीत राहतो.”

बाईंनी पेला खाली ठेवला. “ती भूमिका केलेला माणूस? जिवंत आहे?”

“टोमॅटोला पाणी घालतोय.”

मला आठवतंय का, असं त्यांनी विचारलं. मी डोळे मिटले आणि पहिल्या दृश्यापासून सुरुवात केली. बर्फातून तीन माणसं चालली आहेत. डोंगरावरचं आयुष्य तिघांना नकोसं झालंय. खाली घाटाच्या तोंडाशी एक दिवा दिसतो आणि थोरला म्हणतो, चला, उतरू या. वाटेत एकजण माघारी फिरतो. एक पुलावर मरतो. तिसरा, इद्रिस, गळ्यात आपलं कफन टाकून त्या घराच्या दाराशी जातो जिथल्या माणसाला, यूनुसला, त्यानं मारलंय. आमच्याकडची पूर्वेकडची रीत आहे ती: मारणाऱ्यानं स्वतःचं कफन घेऊन मेलेल्याच्या दारात जायचं, आणि आतल्यांनी ठरवायचं, दार उघडायचं की नाही.

ऐंशी मिनिटांचा सिनेमा मी बसल्या जागी म्हणून दाखवला. बेदिया हानम लिहून घेत होत्या. त्यांनी ठरवलंय: ऑगस्टमध्ये आमच्याच गल्लीच्या टोकाला, जिथे पूर्वी उन्हाळी थिएटर होतं आणि आता चहाची बाग आहे, तिथे भिंतीला चुना मारून सिनेमा दाखवायचा. मी शेजारी बसून सगळ्यांची वाक्यं म्हणायची.

“तुझं तोंड एकदा उघडलं की बंद कोण करणार?” आब्लानं विचारलं. पण तिला आनंद झाला होता. रात्रीच्या सूपात लोणी जास्त होतं.

१० जून, मंगळवार

रमजान सरला. बायरामचा, ईदचा दुसरा दिवस. सगळी गल्ली एकमेकांच्या दारात. मुलं हाताचं चुंबन घेऊन गोळ्या घेऊन गेली. इद्रिस नेहमीप्रमाणे खोलीतून बाहेर आला नाही. दर बायरामला हेच. कोणाच्या दारात जात नाही, कोणाचं दार वाजवत नाही. आमच्याकडेसुद्धा यायचं तर बागेतून मागच्या बाजूनं येतो आणि खिडकीपाशी खोकतो. पस्तीस वर्षांत त्यानं आमची कडी वाजवलेली मला आठवत नाही. डोंगरातला माणूस, लाजाळू.

रेफेत बेयनी त्याला हैदरपाशा स्टेशनवर हेरला. पाठीवर आरसा लावलेलं कपाट घेऊन तो जिना चढत होता. पन्नास सालच्या सरकारी माफीत नुकताच सुटलेला, खरोखर डोंगरावर राहिलेला. “मला बसायला शिकव,” रेफेत बेय म्हणाले. “म्हणजे माझ्या नटांना. दरोडेखोर बसतो कसा?” इद्रिस कपाट उतरवून भिंतीला पाठ लावून बसला, आणि त्याच संध्याकाळी त्याला भूमिका मिळाली. काय करून डोंगरावर गेला होता ते कोणी विचारलं नाही. आम्ही कलावंत लोक, आम्हाला चेहरा पुरत असे.

सिनेमा संपल्यावर तो गावी गेलाच नाही. उन्हाळी थिएटरच्या फाटकावर तिकिटं फाडत राहिला, थिएटर गेल्यावर आमच्या बागेत आला.

१९ जून, गुरुवार

आज पाहिला. पस्तीस वर्षांनी.

संग्रहालयाच्या छोट्या खोलीत आम्ही तिघं: मी, इद्रिस, बेदिया हानम. दिवे गेले आणि बर्फ पडायला लागलं. खरं तर तो साबणाचा चुरा आणि कापूस होता, पण मला थंडी वाजली. सगळे तरुण. मेलेली माणसं इतकी सहज चालत होती की मला त्यांचा हेवा वाटला. त्यांचे ओठ हलत आणि मी अंधारात त्यांची वाक्यं म्हणत होतो. एकही चुकलं नाही.

मग दाराचं दृश्य आलं. इस्तंबूलबाहेर शिलेजवळच्या एका गावात घेतलेलं. लाकडी दार, वरती कोरलेला तारा. इद्रिस कफन गळ्यात टाकून उभा. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय, ग्लिसरीन नाही.

मी म्हणालो, “यूनुसच्या घरच्यांनो, मी खाली उतरलोय. दार उघडा, नाहीतर उघडू नका. मी उंबरठ्याशीच बोलेन.” हे वाक्य माझं आहे. पटकथेत नुसतं ‘क्षमा मागतो’ एवढंच होतं. ते मी रचलं, शाळेतल्या एका कवितेच्या चालीवर.

दिवे लागल्यावर मी बेदिया हानमना तो जुना किस्सा सांगितला, जो मी थिएटरात, लग्नांत, न्हाव्याकडे सांगत आलोय. “हा पठ्ठ्या नाव चुकायचा. मी ओरडतोय ‘यूनुस’, हा म्हणतोय ‘नुस्रेत’. तीन वेळा दृश्य घेतलं, तिन्ही वेळा नुस्रेत. रेफेत बेय कपाळ बडवून घेत. शेवटी म्हणाले, जाऊ दे, आवाज नंतर भरायचाच आहे, ओठ कोण बघतो.”

मी हसलो. बेदिया हानम हसल्या नाहीत.

“तिन्ही वेळा तेच नाव?” त्यांनी विचारलं. “मग ती चूक कशी?”

इद्रिसनं टोपी उचलली आणि तो बाहेर गेला. बोटीवर आम्ही शेजारी बसलो, पण तो पाण्याकडे पाहत राहिला. म्हातारपणी माणसं उगाच हळवी होतात.

२० जून, शुक्रवार

आब्लाला सगळं सांगितलं. ती शिवता शिवता थांबली.

“पस्तीस वर्षं तू तो किस्सा त्याच्यासमोर सांगतोस?”

“हो. त्यात काय.”

“तुला कान कशाला दिलेत देवानं, टोपी अडकवायला?”

एवढंच बोलली आणि पुन्हा यंत्र चालू. मी खिडकीतून पाहिलं. इद्रिस टोमॅटोच्या वाफ्यात बसून होता. पाणी घालत नव्हता.

२१ जून, शनिवार

लिहायला हात वळत नाही, पण लिहायला हवं.

दुपारी मी स्वतः बागेत गेलो. तुतीच्या झाडाखाली बसलो. पिकलेल्या तुती टपटप पडत होत्या, दोघांच्याही सदऱ्यांवर डाग. मी विचारलं, “नुस्रेत कोण?”

“कुरणाच्या हद्दीवरून,” इद्रिस म्हणाला, जणू मी काल विचारलं होतं आणि तो आज उत्तर देत होता. “तोर्तुमच्या वरच्या अंगाला आमचं गाव. त्यानं विळा उचलला, मी बंदूक. दोघंही पंचविशीचे. त्याचा मुलगा रांगत होता. मी डोंगरावर गेलो, मग पकडला गेलो, मग माफी आली.”

“माफी झाली म्हणजे सुटलास की.”

“माफी सरकारनं दिली, शेकिप बेय. सरकारचं कोणी मेलं नव्हतं.”

तुती पडत राहिल्या.

“मग त्या दारात तू...”

“तुम्ही म्हणालात, यूनुसच्या घरच्यांनो. मी तोंड उघडलं तर नुस्रेत आला. दुसऱ्यांदा ठरवून उघडलं, तरी तोच. त्या दारामागं कोणी नव्हतं, घरचे सगळे शेतावर गेले होते. मला माहीत होतं. म्हणून तर म्हणता आलं.”

“आणि तू रडलास ते...”

“तुमचं वाक्य चांगलं होतं,” तो घाईनं म्हणाला. माझं मन राखायला.

पस्तीस वर्षं मी समजत होतो की तो माझ्या वाक्यानं रडला. लोकांना सांगितलंय मी तसं. आज रात्री शाळेतली एकही कविता आठवेना. पहिली ओळ यायची आणि पुढे वर्ग गप्प.

२७ जून, शुक्रवार

इद्रिस गावी जायचं म्हणतो. बोचकं बांधलंय. मरण्याआधी एकदा त्या दारात उभं राहायचंय, बस. पण दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मे महिन्यातच सांगितलं होतं, हृदय अर्धं काम करतं, जिना नको, चढ नको. आणि हा तोर्तुमच्या डोंगरावर निघालाय.

बेहिजे आब्लानं त्याचे बूट कोळशाच्या पेटीत लपवले.

“हानम, बूट द्या.”

“आधी गोळी घे.”

“घेतली.”

“जिभेखाली आहे अजून. गीळ.”

त्यानं गिळली. “आता द्या.”

“आता झोप. बूट सकाळी बघू.”

“अनवाणी गेलो तर गावात म्हणतील, इस्तंबूलनं नागवला.”

“नागवलाच आहे,” आब्ला म्हणाली. “आम्हीच नागवला. चल, झोप.”

बागेच्या पायऱ्या चढताना तो दोनदा थांबला. तिसऱ्यांदा मी त्याला धरलं. त्याचं वजन लहान मुलासारखं झालंय. तो त्या दारापर्यंत पोचणार नाही. हे त्यालाही कळतंय, म्हणूनच घाई करतोय.

२ जुलै, बुधवार

मला एक कल्पना सुचली आहे. सुंदर आहे. इद्रिसला सांगितलेली नाही, आब्लाला तर नाहीच.

तो दारापर्यंत जाऊ शकत नाही. पण दाराला इथे बोलावता येईल.

पोस्टात जाऊन त्या गावाच्या कॉफीखान्याला फोन लावला. तासाभरानं लागला. पलीकडे मुख्तार, गावचा प्रमुख. मी म्हणालो, नुस्रेतच्या घरच्यांना निरोप द्या, नऊ ऑगस्टला इस्तंबूलमध्ये एक सिनेमा आहे.

“सिनेमा?” मुख्तार म्हणाला. “बेयेफेंदी, इथे गवत कापायचे दिवस आहेत.”

मी सगळं सांगितलं. पडद्यावर एक माणूस दारात येतो, तो माणूस कोण, कोणाचं नाव घेतो. पोस्टातली रांग ऐकत होती. पलीकडून नुसता कॉफीखान्यातल्या सोंगट्यांचा आवाज येत राहिला. मग मुख्तारनं विचारलं, “इद्रिस जिवंत आहे?”

“आहे.”

“मुलगा आहे, हालित. आता पन्नाशीचा. नुस्रेतची बायकोही आहे. सांगतो. वचन देत नाही.”

बोटीवरून येताना वाटत होतं मी स्वतःच एक कविता रचली आहे, आणि ती आता तारेवरून डोंगर चढते आहे.

११ जुलै, शुक्रवार

किराणावाल्याच्या फोनवर मुख्तारचा निरोप. हालित म्हणाला, आमच्या घरातलं कोणी कोणाच्या दारात जात नाही.

बस, एवढंच. मी किराणावाल्याकडून उगाचच चीज घेऊन आलो.

१४ जुलै, सोमवार

आब्लाला कळलं. पोस्टाच्या रांगेत तिच्या कापडवालीची सून होती.

ती रागावली नाही, हेच वाईट. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. “शेकिप, तू पंचाहत्तरीला आलास. तुला अजून वाटतं की माणसं तुझ्या मागून ओळ म्हणतील. त्यांच्या घरचा माणूस मेलाय. ते काय वर्गात बसलेत?”

“ते येणार नाहीत म्हणालेत.”

“मग देवाचे आभार मान.”

२४ जुलै, गुरुवार

पुन्हा फोन. मुख्तार हलक्या आवाजात: “त्या घरातून काल पत्ता मागितला. तुमच्या घराचा. मी दिला. द्यायला नको होता का?”

“कशासाठी मागितला?”

“ते सांगितलं नाही.”

हालित. रांगणारा मुलगा, आता पन्नाशीचा, इद्रिस राहतो ते घर विचारतो. आब्लाला सांगितलं. तिनं सुई तोंडातून काढली.

“मारायला येणारा पत्ता विचारतो. मिठाई घेऊन येणाराही विचारतो. आता बस ओळखत.”

रात्रभर उशी उलटीसुलटी केली. मला वाटलं होतं मी एक दार उघडतोय. आता वाटतं, ज्या घराच्या मागच्या बाजूनं तो पस्तीस वर्षं गुपचूप येत-जात होता, त्याचा पत्ता मी वाटून टाकला. बेदिया हानमना सांगून खेळ रद्द करावा का? पण पत्ता तर गेला. खेळ असो नसो, पत्ता गेला.

१ ऑगस्ट, शुक्रवार

सांगून टाकलं इद्रिसला. बागेत, टोमॅटो खुडत होता. मला वाटलं चिडेल, निदान घाबरेल.

त्यानं टोपली खाली ठेवली. “पत्ता मागितला?”

“हो. हालित असणार. तू काही दिवस बेदिया हानमच्या ओळखीच्यांकडे...”

“म्हणजे त्या घरात माझं नाव निघालं असेल.” तो टोमॅटो पुसत राहिला, एकच टोमॅटो, कितीतरी वेळ. “घर कुणाचं, तर इद्रिसचं, असं कोणीतरी म्हणालं असेल. इतकी वर्षं ते नाव उच्चारत नसतील.”

“अरे, तो मारायला येत असेल.”

“आला तर बरंच. मी चढू शकत नाही, तो उतरतोय.”

संध्याकाळी तो हमामात गेला, मग न्हाव्याकडे. गाल गुळगुळीत करून आला. आब्ला म्हणाली, “लग्न आहे का कुणाचं?” आणि आत जाऊन तिनं त्याचा पांढरा सदरा इस्त्री केला. मी पाहिलं, इस्त्री करताना तिचे ओठ हलत होते. दुवा म्हणत असावी किंवा मला शिव्या देत असावी.

१० ऑगस्ट, रविवार

काल झालं.

चहाच्या बागेची भिंत चुन्यानं पांढरी केलेली. अख्खी गल्ली आली, खुर्च्या घरून घेऊन. वरच्या बाल्कन्यांत कलिंगडं कापली जात होती, सूर्यफुलाच्या बिया फुटत होत्या. तसाच आवाज, तीस वर्षांपूर्वीचा, शेकडो दातांचा पाऊस. मायक्रोफोनसमोर बसलो आणि मला वाटलं मी त्या बर्फात पुन्हा उभा आहे.

इद्रिस सगळ्यात मागे, फाटकाजवळ, खुर्ची उलटी करून बसला होता. पडद्याकडे पाठ, रस्त्याकडे तोंड. प्रत्येक येणाऱ्याकडे तो पाहत होता. मीही पाहत होतो. वाक्यं म्हणता म्हणता प्रत्येक अनोळखी टोपीवर माझा आवाज अडखळत होता. बेदिया हानमनी दोनदा माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तिघे घाट उतरले. एक माघारी फिरला. दुसरा पुलावर पडला. गल्लीतल्या बायका रडल्या, बाल्कनीतून कोणीतरी नाक शिंकरलं. मग दार आलं.

मी तोंड उघडलं. यूनुस म्हणायचं होतं. ते नाव माझ्या तोंडात आलंच नाही. नुस्रेत म्हणायचा मला अधिकार नाही. पडद्यावर इद्रिसचे ओठ हलत होते, भिंतभर मोठे, आणि आवाज नव्हता. बिया फोडणंही थांबलं.

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“नुस्रेतच्या घरच्यांनो,” इद्रिस म्हणाला. मायक्रोफोन नाही, काही नाही. म्हातारा, खरखरीत, पूर्वेकडच्या डोंगरातला आवाज. “मी इद्रिस. मी मारला त्याला. मी खाली आलोय.”

एवढंच. माझं उंबरठ्याचं वाक्य त्यानं घेतलं नाही. पडद्यावरचं तोंड केव्हाच मिटलं होतं, आणि हा बोलत होता, भिंतीकडे नाही, रस्त्याकडे बघून. एक्कावन्न साली त्या चेहऱ्याला शहरी नटाचा गोड आवाज लावला होता. त्या ओठांना त्यांचा स्वतःचा आवाज काल पहिल्यांदा मिळाला, थोडा उशिरा.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं हे ठरवलेलं होतं.

फाटकातून कोणी आत आलं नाही. दिवे लागले, खुर्च्या उचलल्या गेल्या, तरी तो उभाच. आब्लानं जाऊन त्याचा हात धरला. पहिल्यांदाच पाहिलं मी तिला कोणाचा हात धरताना. “चल,” ती म्हणाली. “सूप गार होतंय.”

“कोणी आलं नाही, हानम.”

“आम्ही आलो होतो,” ती म्हणाली.

आज तो उठला नाही. डॉक्टर येऊन गेले. आता हलवू नका म्हणाले, इस्पितळातही नाही. बागेतल्या खोलीत ओल असते म्हणून आम्ही त्याला घरात आणलं, आब्लाच्या शिवणाच्या खोलीत. आत येताना त्यानं मागच्या खिडकीकडे पाहिलं, जणू तिथूनच यायला हवं होतं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

इद्रिस फार बोलत नाही. सकाळी पाणी प्यायला. मी उशाशी बसून शाळेतली कविता म्हणत होतो, बोटींच्या धुरात मिसळायची ती. तो मध्येच म्हणाला, “शेकिप.” आयुष्यात पहिल्यांदा त्यानं बेय लावलं नाही. “ते बोललो ते बरोबर होतं ना? तू सांगितलं नव्हतंस.”

“बरोबर होतं,” मी म्हणालो.

“कोणी ऐकलं नाही पण.”

मी त्याच्या अंगावरचं पांघरूण वर ओढलं. आब्ला स्वयंपाकघरात डाळ निवडत होती, तिचा हात थांबलेला ऐकू आला.

अकराच्या सुमारास कडी वाजली. आब्लाची गिऱ्हाईक बाई गोधडी घेऊन यायची होती. मी गेलो, दार उघडलं.

दारात एक ठेंगणी म्हातारी. काळी शाल डोक्यावरून, हातात दोरीनं बांधलेली पेटी, बुटांवर लांबच्या प्रवासाची धूळ. मागे गल्लीत कोणी नाही, ना मुलगा, ना पुरुष. धाप लागली होती तिला आमच्या चढानं, तरी चौकटीला हात लावला नाही.

“गोधडी ना,” मी म्हणालो, “आत या, आब्ला आहे.”

“गोधडी नाही,” ती म्हणाली. पूर्वेकडची बोली. “गाडी शिवासला बिघडली, दोन दिवस तिथेच गेले. मुलाला सांगून आले नाही मी. पत्ता मीच मागितला होता. इथे तो सिनेमा आहे म्हणे, ज्यात माणूस दारात येऊन उभा राहतो.”

माझा हात कडीवर तसाच राहिला.

“तो शनिवारी झाला, हानम,” मी म्हणालो. “संपला.”

तिनं पेटी पायरीवर ठेवली आणि शाल सारखी केली.

“मग माणूसच दाखवा,” ती म्हणाली.